पेपर संपेपर्यंत

"केस नाही काढायचे," दौलत म्हणाला.

बाणगंगेच्या पायरीवर न्हाव्याने वस्तऱ्यात नवं पातं बसवलं होतं. तो हात तसाच धरून थांबला. लक्ष्मीचा आज दहावा. पोटी मुलगा नाही म्हणून क्रिया नवऱ्यानेच धरलेली, आणि क्रिया धरणाऱ्याने डोकं उतरवायचं हे काय कुणी सांगायला हवं?

भायखळ्याहून आलेले चिंतामणीदादा नात्याने चुलत भाऊ, पण मान सख्ख्या थोरल्याचा. ते भडकलेच.

"खुळो झालंस काय रे? बायल गेली तुझी आणि केस जपतंस? लोक काय म्हणतले?"

"म्हणू दे, दादा. रोज सकाळी आठला मेघूचा व्हिडिओ कॉल येतो. तिला दिसेल."

"मगे सांगून टाक तिका! दहा दिस झाले!"

"गुरुवारी शेवटचा पेपर आहे तिचा."

दादांनी कपाळावर हात मारून घेतला. मुंबईच्या भटजींकडे मात्र सगळ्याला तोड असते. चार केस पाण्यात सोडा, बाकीचं नंतर, असं त्यांनी सुचवलं. न्हाव्याने कानामागचे चार केस कापले. दाढीला दौलतने हात लावू दिला नाही. उतरवायचं ते एकदमच, म्हणाला.

दौलत दादरच्या एका साडीच्या दुकानात अठ्ठावीस वर्षं गादीवर बसत होता. गिऱ्हाईक कितीही आढेवेढे घेऊ दे, "ताई, हा रंग तुमच्यासाठीच काढून ठेवला होता" म्हणत तो पदर असा उलगडायचा, की बाई नुसतं बघायला आलेली असली तरी पिशवी घेऊनच बाहेर पडायची. घरी मात्र बोलायचं खातं लक्ष्मीकडे. डिलाईल रोडच्या चाळीतल्या दोन खोल्यांत तिच्या तोंडापुढे त्याला कधी जागाच मिळाली नाही, आणि त्याने ती मागितलीही नाही.

त्यांची एकुलती एक मेघना इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजने एका सत्रासाठी तिला मेलबर्नच्या एका मोठ्या विद्यापीठात पाठवलं, तेव्हा लक्ष्मीने ती बातमी भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितली होती. तिकडचे पेपर बुडाले तर इकडचंही वर्ष बुडणार होतं. म्हणून विमानतळावरून परतताना तिने नवऱ्याला बजावलं, "माझा बीपी, माझे गुडघे, यातलं एक अक्षर तिच्या कानावर घालायचं नाही. पेपर संपेपर्यंत."

पहिल्या पेपरला चार दिवस असताना लक्ष्मी नळावरून कळशी घेऊन आली, दारातच टेकली, ती उठलीच नाही.

दौलतने तिचा शब्द पाळला. शब्द पाळायचा म्हणून, की सांगायची छाती नव्हती म्हणून, ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. शेजारच्या प्रितीने अख्ख्या मजल्याला दम दिला, फोनवर कुणी श्रद्धांजलीचा फोटो टाकायचा नाही. त्या पोरीने आपल्या आईचंही तोंड बंद ठेवलं, हे खरं नवल. दौलत रोज कोपऱ्यात लक्ष्मीसाठी लावलेल्या दिव्याकडे तोंड करून बसायचा, म्हणजे फोनमध्ये त्याच्यामागची खिडकी तेवढी दिसायची.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशीही आठला फोन वाजला.

"आई अजून गावीच?"

"गावच्या काकूच्या पायाला प्लास्टर आहे ना. आणि वाडीत रेंज नाही."

"तिला निरोप द्या, कालचा पेपर झकास गेला."

"देतो."

"आणि पप्पा, दाढी बघा केवढी वाढलीय! आई नाही तर लगेच हा अवतार?"

तो हसला. त्या हसण्याबद्दल त्याने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

गुरुवारी आपल्याकडच्या सकाळी साडेसहालाच तिकडे पेपर सुटला असणार. सातला दौलत नाक्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसला.

"पूर्ण?" न्हाव्याने विचारलं.

"पूर्ण. दाढीमिशीसकट."

गेले चार दिवस तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. आई बरी नव्हती, असं म्हणावं. धीर धर, असं म्हणावं. बोलण्यावर पोट भरलेल्या माणसाला एवढं एक वाक्य जुळेना.

आठला मेघना आली ती ओरडतच. "पप्पा, सुटले! संपलं एकदाचं! आईला आधी..."

पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. ती बापाच्या डोक्याकडे बघत होती. गिरणगावातली पोर ती. असलं डोकं कशाचं, हे तिला कुणी समजवायला नको होतं.

"आई?"

दौलतने मान हलवली.

"कधी?"

"आज पंधरावा दिवस."

ती बोटांवर मोजायला लागली. मोजता मोजता तिचं बोट थांबलं.

"त्या दिवशी मी रूममेटच्या बर्थडेला नाचत होते, पप्पा. तुम्हाला फोटो पाठवला होता."

"हो."

"तुम्ही 'छान' म्हणून लिहिलंत."

"हो."

"आई घरात होती तेव्हा? की नेली होती?"

"घरातच होती, बाळा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझी आईच म्हणाली होती, पेपर..."

"आईचं नाव नका घेऊ!" ती किंचाळली. "ती मरायच्या आधी म्हणाली होती ते! पेपर काय, परत दिला असता. आईला परत बघता येणारे का मला? सगळी चाळ रडली, आणि मी तिच्यासाठी इथे चॉकलेटं घेत फिरत होते."

"चुकलो," दौलत म्हणाला. "मेघू, चुकलो मी."

त्याला खरोखरच तसं वाटत होतं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. बराच वेळ दोघंही नुसती एकमेकांसमोर रडली. मग तिने बाहीने नाक पुसलं.

"घरी सगळ्यांनी आंघोळ केली असेल ना, तिला पोचवून आल्यावर?"

"केली."

"मलाही करायला लागेल. कळल्यावर करतात ना?"

"हो. डोक्यावरून."

"मी येते करून. फोन ठेवू नका, पप्पा."

तिने फोन टेबलावर टेकवून ठेवला. पडद्यावर पांढरी भिंत आणि पलंगाची एक कड एवढंच उरलं. कुठेतरी दार लागलं, आणि पाणी पडायला लागलं. त्या पाण्यात थोड्या वेळाने तिचा आवाज मिसळला. कोंडलेला, लहानपणी ती पडली की रडायची तसा. अशा वेळी बाहेर कुणी बाईमाणूस टॉवेल घेऊन उभं असतं.

दुकानाची वेळ टळून गेली. दौलत फोन दोन्ही हातांत धरून त्या भिंतीकडे बघत बसला.