अंगठ्याची जागा

“तू उंच आहेस असं समज! त्या लंबूसारखं वरून मार!” सर कोर्टाच्या कडेवरून ओरडले. ताईनं टाचा उचलल्या, खांदा ताणला आणि असा स्मॅश हाणला की पलीकडे छोटी पालथी पडता पडता राहिली.

“अस्सं!” सर खूश झाले. “परदेशात पहिल्याच फेरीत ही लंबू भेटणार आहे. जी कुणी चौथी जाईल तिला.”

‘जी कुणी’ म्हणताना ते शटलच्या डब्याकडे बघत होते.

संघात चार मुली जायच्या होत्या. तीन ठरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी उद्या सामना होता. एका बाजूला एकोणीस वर्षांची छोटी, दुसऱ्या बाजूला एकतिशीची ताई. आता बघा, जिच्याशी उद्या लढायचं तिचीच तयारी ताई आज करून घेत होती. पण यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण नऊ वर्षं तिचं कामच ते होतं. समोर उद्या जी येणार तिच्यासारखं खेळून दाखवायचं. एकदा एका डावखुरीची तयारी होती, तर चार महिने ताईनं रॅकेट डाव्या हातात धरली. दातसुद्धा डाव्या हातानं घासले. हॉलमधली पोरं तिला झेरॉक्सताई म्हणत, आणि तीही हसून ‘ओ’ देई. “एवढ्यांना उभं कर, मग तुझीच पाळी,” असं सर दर वर्षी म्हणत. पाठीवर स्वतःचं नाव असलेला शर्ट तिनं अजून एकदाही घातला नव्हता. उद्या हुकलं, तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

सर फोन घ्यायला बाहेर गेले. छोटी घाम पुसत नेटपाशी आली.

“ताई, एक विचारू? रागावू नकोस हं. सगळ्यांची नक्कल तू करतेस. मग तुझ्याशी खेळायचा सराव मी कुणाबरोबर करायचा गं?”

“आली मोठी शहाणी! माझा कसला आलाय सराव?”

“खरंच विचारते. दहा मिनिटं तुझं तू खेळ ना. मला बघायचंय.”

ताई सर्व्हिसच्या रेघेवर उभी राहिली. माझं मी म्हणजे कसं? पहिला फटका गेला तो लंबूचा. दुसरा त्या डावखुरीचा. तिसरा कुणाचा होता कोण जाणे, पण तिचा नव्हता. भाड्याच्या घरात स्वतःचा पेला शोधावा तशी ती शोधत राहिली. तेवढ्यात छोटीनं शटल मागच्या डाव्या कोपऱ्यात उडवलं. ताई नेटकडे पाठ करून वळली, हात मागे गेला, आणि उलट्या हाताचा तो फटका आपोआप निघाला. वाटावं की आता शटल पार टोकाला जाणार. पण ते नेटवरून जेमतेम उतरलं आणि पलीकडे गप्प पडलं.

छोटी जागची हललीसुद्धा नाही. “अगं बाई! हे काय होतं?”

“हे होय? हे बाबांचं.”

बाबा हॉलच्या कोपऱ्यात यंत्रावर रॅकेटांचं गटिंग करत, म्हणजे जाळीच्या तारा ओढून बसवत, बसलेले असत. हा फटका त्यांनी लेकीला घरामागच्या बोळात शिकवला होता. बोळ इतका अरुंद, की हात फिरवला तर कोपर भिंतीवर आपटायचं. म्हणून त्यांनी हात जागच्या जागी ठेवायला लावला आणि सगळं काम अंगठ्यावर सोपवलं.

“दाखव ना. मी उलट्या हातानं किती वेळा हळू मारून बघते, पण नेटमध्येच जातं.”

इथं एखादी म्हणाली असती, परवा दाखवते. पण नऊ वर्षांची सवय. समोरचीचं चुकतंय म्हटलं की ताईचा हात आधी पुढे व्हायचा, डोकं मागाहून पोचायचं. ती नेटखालून वाकून पलीकडे गेली आणि छोटीचा अंगठा धरून रॅकेटच्या मुठीच्या सपाट बाजूवर आडवा टेकवला. “इथं. असा. आणि शेवटच्या क्षणी नुसतं दाबायचं, ढकलायचं नाही.”

पाचव्या खेपेला छोटीचं शटल नेटवरून उतरलं. ती आनंदानं ताईच्या गळ्यात पडली.

कोपऱ्यातलं यंत्र थांबलं होतं. घरी जाताना बाबांनी एवढंच विचारलं, “अंगठ्याचंसुद्धा सांगितलंस तिला?”

“विचारलं तिनं.”

“हं.” बोळाच्या तोंडाशी ते म्हणाले, “देवानं तुला द्यायचा हात दिला, पोरी. मिटायचा द्यायला विसरला.”

दुसऱ्या दिवशी पहिला गेम ताईचा, दुसरा छोटीचा. तिसऱ्यात एकोणीस-एकोणीस झाले, तेव्हा बाबा कठड्याला धरून उभे होते. ताईनं शटल छोटीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात टाकलं आणि परतीच्या लांब फटक्यासाठी मागे सरली. छोटीनं पाठ वळवली. तिचा अंगठा ताईला इतक्या लांबूनही दिसला. शटल नेटवरून जेमतेम उतरलं.

हॉल टाळ्यांनी दणाणला. “वा रे पोरी! कुठून काढलंस हे?” सर नाचायचे बाकी होते.

वीस-एकोणीस. छोटीला आता एकच गुण हवा होता. पुढच्याच खेळीत छोटीनं ताईला त्याच कोपऱ्यात गाठलं. दुसरा फटका ताईला सुचलाच नाही. सुचणार कुठून? स्वतःचा म्हणावा असा तेवढाच होता. फटका अगदी स्वच्छ निघाला. पण छोटी आधीच नेटपाशी येऊन उभी होती. तिनं शटलला नुसती रॅकेट लावली.

हात मिळवताना छोटी रडत होती. “ताई, मी मुद्दाम नाही गं...”

“वेडी. छान मारलंस.”

पहिल्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “बघितलंस? शेवटी छोटीचीच नक्कल करायला गेली! झेरॉक्स ती झेरॉक्सच.”

सगळे हसले. बाबा त्या माणसाकडे वळले. मग कठडा सोडून आपल्या यंत्राकडे गेले.

ताई बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती, तोच सर आले. तिला वाटलं, काहीतरी बोलतील.

“पुढची मॅच लावायचीय. शटलचा वेग बघून देतेस का जरा? तुझा हात ठरलेला असतो.”

तिनं नाडी पुन्हा बांधली. मागच्या रेघेवर उभी राहून तिनं खालून पहिलं शटल मारलं. ते पलीकडच्या मागच्या रेघेच्या दीड हात अलीकडे, नेमकं पडायला हवं तिथं पडलं. दुसरंही तिथंच. तिसरंही.

“चालेल,” सर म्हणाले. खेळणारे आत आले.

ताईनं तिन्ही शटलं उचलली आणि एकाचं वाकलेलं पीस बोटांनी सरळ करून डब्यात ठेवली.