शय्याव्रणांवरील परिषद

शय्याव्रण कसे टाळावेत या विषयावर परिषद भरवायची, तर तिला श्रोते हवेत. आणि परिचारिकांच्या परिषदेला परिचारिकांखेरीज दुसरे श्रोते मिळणार कोठून? हा युक्तिवाद बिबवेवाडीतील त्या रुग्णालयाच्या अधिसेविका विजयमालाबाई यांना इतका निर्दोष वाटला की, परिषदेच्या दिवशी प्रत्येक वॉर्डात एकच परिचारिका ठेवून बाकीच्या साऱ्यांना सभागृहात बसवण्याचा हुकूम त्यांनी काढला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, नाहीतर टेकलेल्या हाडावरची कातडी दबून मरते, हे त्या परिषदेचे सार होते. जड रुग्णाला वळवायला दोन माणसे लागतात, ही गोष्ट मात्र विषयपत्रिकेत नव्हती.

हाडांच्या वॉर्डाच्या प्रमुख शकीला बागवान यांचा निबंध त्या दिवशी वाचला जायचा होता. लाल पडलेली पाठ स्पिरिट आणि पावडर लावून चोळण्याची जुनी रीत शकीलाबाईंनी आपल्या वॉर्डात बंद केली होती. चोळण्याऐवजी वळवणे सुरू केल्यावर जखमा कमी झाल्या, असे त्यांनी पडताळून लिहिले होते. निबंधाची रुग्णालयाने तोंडभर स्तुती केली आणि इतर वॉर्डांत चोळणे पूर्ववत चालू ठेवले. स्पिरिटचा वास आला की सेवा झाली, अशी नातेवाइकांची श्रद्धा होती, आणि नातेवाइकांच्या श्रद्धेला धक्का लावण्याइतके संशोधन कोणालाच प्रिय नव्हते.

परिषदेच्या सकाळी शकीलाबाई अधिसेविकांच्या खोलीत शिरल्या.

"मॅडम, माझ्या दोन मुली वॉर्डात राहू द्या. धायरीच्या मथुराबाईंचं माकडहाड लाल दिसतंय. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, अंगानं जड. एकटीला वळवता येत नाही."

"शकीला, पाहुणे येतील, आणि पुढच्या रांगा रिकाम्या दिसल्या तर?"

"उशा ठेवा. त्याही प्रश्न विचारत नाहीत."

"आज निबंध आहे ना तुझा? तू तरी असं बोलू नयेस."

"निबंध आहे म्हणूनच बोलतेय."

"अगं, दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"हो. निबंधातही तेवढेच आहेत."

विजयमालाबाई हसल्या. अज्ञान असते तर क्षमा करता आली असती. पण शकीलाबाईंच्या निबंधाचा शब्द न् शब्द त्यांनी स्वतः तपासला होता. सत्य ठाऊक असणे आणि त्याप्रमाणे वागणे ही दोन स्वतंत्र खाती आहेत, आणि पहिले आपल्याकडे असले की दुसऱ्याची चौकशी कोणी करत नाही, हा अनुभव त्यांना पदोन्नतीच्या प्रत्येक पायरीवर आला होता.

सभागृहात समई पेटेना. मग पंखे बंद झाले. समई पेटली, पाहुण्यांचा परिचय सुरू झाला आणि त्यांच्या बालपणापाशीच बराच वेळ घोटाळला. शाल आणि श्रीफळ ज्यांना द्यायचे त्यांना दिले, ज्यांना द्यायचे नव्हते ते रुसू नयेत म्हणून त्यांनाही दिले. शकीलाबाई घड्याळाकडे पाहत होत्या. अखेर त्या उठल्या.

"अगं, आता तुझाच नंबर," शेजारच्या प्रेमलाने पदर धरला.

"आजींचा आधी लागलाय," असे म्हणून त्यांनी पदर सोडवला.

वॉर्डात ठेवलेली एकुलती परिचारिका दुसऱ्या टोकाला एका उलटी करणाऱ्या रुग्णाला धरून बसली होती. मथुराबाईंचा मुलगा मच्छिंद्र आईला एका हाताने अर्धवट कलती करून दुसऱ्या हाताने तिचे माकडहाड स्पिरिटने रगडत होता. म्हातारी विव्हळत होती.

"हात काढा आधी!"

"का काढू? कवाची वाट बघतोय, कुनी आलं न्हाई. लाल झालंय, रगात फिराया नको?"

"रक्ताच्या नळ्या आधीच चेंगरल्यात. चोळून तुटतात त्या."

"मंग शेजारच्या वॉर्डात सिस्टर सोता कशा चोळत्यात? त्या काय येगळ्या शाळंत शिकल्या हायत?"

"नाही. याच शाळेत शिकल्या."

"मंग?"

शकीलाबाईंनी स्पिरिटची बाटली उचलून बाजूला ठेवली.

"आरं मर्दा," मथुराबाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "आग व्हतीय म्हनून मघापासनं बोंबलतीय. माझं न्हाई तर त्या बाईचं तरी ऐक."

मच्छिंद्राने हात काढला. दोघांनी मिळून म्हातारीला कुशीवर घेतले, पाठीशी उशी लावली. शकीलाबाईंनी लाल डागावर बोट दाबून उचलले. दाबल्यावर कातडी पांढरी पडली, तर ती अजून वाचण्याजोगी असते. कडा पांढऱ्या पडल्या. मध्यभाग जांभळट लालच राहिला.

"जखम होणार," त्या म्हणाल्या. "लहान ठेवता येईल, टाळता नाही येणार. सकाळी टाळता आली असती."

मच्छिंद्र स्वतःच्या तळहाताकडे पाहत राहिला. "म्या केलं का हे?"

"अर्धं तुम्ही. अर्धं आम्ही, टाळ्या वाजवायला गेलो म्हणून."

निबंध दुसऱ्याच कोणी वाचला आणि तो फार गाजला, हे जेवणानंतर कळले. कारण भारावलेले पाहुणे वॉर्ड पाहायला आले. सोबत विजयमालाबाई होत्या, छायाचित्रकार होता.

"हे आमच्या संशोधनाचं प्रत्यक्ष रूप," विजयमालाबाईंनी मथुराबाईंच्या खाटेकडे हात केला. पण प्रत्यक्ष रूप भिंतीकडे तोंड करून निजले होते. छायाचित्रकार अडला.

"शकीला, फोटोपुरतं सरळ कर ना त्यांना. पाठीवर."

"पाठीवर नाही घेणार."

"एक मिनिट फक्त!"

"आयचा फोटू पायजे?" मच्छिंद्र उठून मध्ये आला आणि त्याने चादर कमरेवरून बाजूला सारली. "पाठीचाच काढा. तुमचं काम तितंच दिसतंय."

कॅमेरा खाली गेला. पाहुण्यांना अचानक खिडकीबाहेरची झाडे आवडू लागली. विजयमालाबाई वाकल्या. तो डाग कशाचा, किती खोल जाणार आणि कधी फुटणार, हे त्या खोलीत त्यांच्याइतके नेमके फार थोड्यांना सांगता आले असते. त्यांनी चादर ओढून डाग झाकला आणि ती तळहाताने सपाट केली.

"मॅडम, आता कूस बदलायची आहे," शकीलाबाई म्हणाल्या. "एक हात लावता का?"

विजयमालाबाईंनी दाराकडे पाहिले. पाहुणे बाहेर निघाले होते. "पाठवते कुणाला तरी," असे पुटपुटून, खांद्यावरची शाल सावरत त्या पाहुण्यांच्या मागे गेल्या.

"येतील व्हय कुनी?" मच्छिंद्राने विचारले.

"तुम्ही त्या बाजूला या," शकीलाबाई म्हणाल्या. "खांद्याखाली हात घाला. ओढायचं नाही, उचलायचं."