साफ केलेलं कार्ड

बब्रुवान गुरुजींचा संगणक तळहाताएवढा होता. चष्म्याच्या डबीसारखा उघडायचा. वर पडदा, खाली नखाएवढ्या कळा. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी तो आणला तेव्हा त्याला चालवणारी मूळची यंत्रणा, ऑपरेटिंग सिस्टीम, बंदच पडली होती. मग निवृत्तीनंतरचा सगळा उन्हाळा खपून त्यांनी एका मेमरी कार्डावर दुसरी यंत्रणा बसवली. कुणाच्या मालकीची नसलेली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी आणि बदलावी अशी. त्या कार्डाच्या जोरावर यंत्र परंड्यातल्या त्यांच्या ओट्यावर चालू लागलं. यंत्र नुसतं टरफल. जे काही होतं ते कार्डात.

आणि कार्डात होतं ते त्यांच्या बायकोचं, सिताबाईंचं बोलणं. शिवारातल्या वावरांची, विहिरींची नावं, निजामाच्या काळात कुणाची मोट कुठं चालायची, कोणती बाई कोणत्या बांधावर बाळंत झाली. सासूकडून, आजेसासूकडून ऐकलेलं त्या सांगायच्या आणि गुरुजी बोटांनी टिपून घ्यायचे. कित्येक वर्षं दोघांच्या दुपारी अशाच गेल्या.

कार्डाची खाच सैल झाली होती. म्हणून काम संपलं की गुरुजी कार्ड काढून देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यात, वरच्या कप्प्यात ठेवायचे. सकाळी कुंकू लावताना ते सिताबाईंच्या हाताला लागणारच. हरवायची भीती नव्हती.

गुरुजी पौषात गेले. दहाव्याला नणंद मंजुषानं करंडा मागितला. चांदीचा, सासूबाईंचा, घरात सून नाही, तेव्हा तो दुसऱ्या सवाष्णीकडं जावा ही त्यांच्या घरची रीत. सिताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. कशाला हलवली, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

चैत्रात पुतणी निकिता सोलापूरहून सुटीला आली. तिनं यंत्र उघडलं, कळ दाबली. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. कार्ड कुठं आहे, असं तिनं विचारलं तेव्हा सिताबाईंनी देव्हाऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मंजुषाला फोन लाव."

मंजुषा ईट गावात दिली होती. तिनं आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मग म्हणाली, "व्हय वहिनी, निघालं की त्यात काळं कायतरी. म्या म्हणलं मोबाइलचं हाय. सुतकाच्या घरातनं आलेलं, म्हणून करंडा चिंचेनं घासला. ते मोबाइलात घातलं, तर मोबाइलच इचारायला लागला, साफ करू का. म्या म्हणलं, कर बाबा, तेबी कर."

नंतर तिनं त्यावर धाकट्या लेकीच्या लग्नाचं चित्रण भरलं होतं. कार्ड काठोकाठ भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कार्ड आलं. पुसलेलं परत काढणारं सॉफ्टवेअर असतं, असं निकितानं सांगितलं आणि आपल्या लॅपटॉपवर ते चालवलं. सिताबाई शेजारी तुरीची डाळ निवडत होत्या. पडद्यावर हळदीतली नवरी आली, जेवणाच्या पंगती आल्या, बँडवाले आले. गुरुजींनी टिपलेलं एक अक्षर आलं नाही. निकिताचे डोळे भरले. सिताबाईंना तिला पाणी द्यावंसं वाटलं, म्हणून त्या उठल्या. आत जाऊन माठापाशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मग पाणी घेऊन आल्या.

संध्याकाळपर्यंत निकितानं कार्डावर तीच यंत्रणा नव्यानं बसवली. यंत्र सुरू झालं. कोऱ्या पडद्यावर एक रेघ उघडझाप करत होती.

"सांगा काकू. मी लिहिते."

सिताबाई सांगू लागल्या. मुलाण्याची पट्टी. बाभूळबन. थोरल्या जावेचं वावर. नावं कुठंच गेली नव्हती, एकामागून एक येत होती. निकिता टिपायची आणि म्हणायची, "पुढं?"

गुरुजी असं कधी लिहीत नसत. प्रत्येक नावाला अडवायचे. तुझं माहेर भूमचं, तुला इथलं काय ठाऊक, म्हणायचे. मग दोघं दुपारभर भांडायची आणि त्या भांडणातून आणखी दोन बायका, एखादी मारामारी, कुणाचं मोडलेलं लग्न निघायचं.

सिताबाई थांबल्या. डाळीतला खडा बोटानं बाजूला सारला.

"खारी विहीर," त्या म्हणाल्या, "ओढ्याच्या पलीकडं."

ती अलीकडं होती, हे सिताबाईंना पक्कं ठाऊक होतं. गुरुजी असते तर भांडायला जागचे उठले असते.

निकितानं लिहून घेतलं. "पुढं, काकू?"