बाबांच्या गालांवरची लाली

"घराला फळ्या लागल्या की डोकं जड होतं बघ, चिना. फळ्या उतरल्या की आपोआप बरं वाटतं," बाबा फोनवर म्हणाले होते.

"फळ्यांनी कुणाचं डोकं दुखतं का, बाबा? हृदयाच्या गोळ्यांनी होत असेल. आणि हो, यंदा न्हाणीघराकडची वरची फटही बुजवा. आम्ही आलो की तुमच्या नातीला, कोहारूला वारा लागेल."

"जशी आज्ञा, मॅडम!"

आमच्याकडे पुरुषभर बर्फ पडतं. म्हणून थंडीआधी घराभोवती फळ्या ठोकतात. बाबांनी अडतीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली. प्रत्येक थांब्यावर बोट रोखून मोठ्यानं म्हणायचे, "उजवीकडे ठीक, डावीकडे ठीक." निवृत्तीनंतरही घराबाहेर पडताना शेगडीकडे बोट, नळाकडे बोट. आई होती तेव्हा म्हणायची, "एकदा माझ्याकडेही बोट करा. मी ठीक आहे का, तेही बघा!"

डिसेंबरात एका सकाळी ते शेजारच्या मात्सुएकाकूंना न्हाणीघराच्या दारात पडलेले सापडले. डॉक्टर कुवाबारांनी दाखल्यावर लिहिलं, हृदय बंद पडलं. तीन वर्षं त्यांचंच औषध चालू होतं. थंडीत म्हातारी माणसं न्हाताना जातातच. कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

आठ महिन्यांच्या कोहारूला घेऊन मी पोचले, तेव्हा बाबांना उत्तरेकडे डोकं करून निजवलं होतं.

"काय तेज आलंय बघ तोंडावर," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "जन्मात कधी इतका देखणा दिसला नाही मेला!"

रडता रडता आम्ही हसलो.

बाबांना शेवटचं सजवायला आलेल्या बाईंनी रंगाची डबी उघडली आणि तशीच मिटली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गालांना लाली लावणं हेच माझं काम. यांना लावायची गरजच नाही. हे बरोबर वाटत नाही मला. डॉक्टरांना एकदा विचाराल?"

एरवी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाबांची राख झाली असती. पण पंचांगात तो दिवस वाईट होता. त्या दिवशी माणूस पोचवला तर तो जवळच्या कुणाला तरी ओढून नेतो म्हणतात. स्मशान बंद होतं. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बाबांकडे बराच वेळ पाहिलं आणि शवविच्छेदनाचा विषय काढला.

काकू उसळल्या. "आता चिरायचं त्याला? एकदा मेला ते पुरे नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काकू, मी लिहिलंय ते खरं की खोटं, हे सांगणारा आता तोच एक उरलाय."

मी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबांना शहरातल्या इस्पितळात नेलं.

दुपारी कोहारूला आंघोळ घालायची म्हणून मी गॅसचा बंब लावला. टब भरत होता. तिचे कपडे काढले, तोच फोन वाजला.

"घरात बंब चालू आहे का?" डॉक्टरांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"हो, बाळाला आत्ता..."

"बंद करा. बाळाला घेऊन बाहेर पडा. आधी बाहेर, मग बोलू!"

कोहारूला टॉवेलात गुंडाळून मी अनवाणी बर्फातून काकूंकडे धावले. त्यांच्या ओट्यावर उभी राहून बाकीचं ऐकलं. बाबा हृदयानं गेले नव्हते. त्यांच्या रक्तात बंबाच्या धुरातला विषारी वायू भरला होता. गालांवरची लाली त्याचीच.

"हिवाळा आला की डोकं धरायचा," डॉक्टर म्हणाले. "फळ्यांचं मलाही सांगितलं होतं त्यानं. मी गोळ्या वाढवत गेलो."

काकूंनी माझे पाय आपल्या पदरासारख्या एप्रनात घेतले. मला पाय आहेत हेच कळत नव्हतं.

मग गॅसवाल्यांबरोबर घरामागे गेले. धुराच्या नळीसमोर फळ्या होत्या. दरवर्षी वर वीतभर फट उरायची, तेवढ्यातून थोडा धूर बाहेर जायचा. यंदा तिथं प्लास्टिक ताणून बसवलं होतं. कडा सरळ, एक सुरकुती नाही. खालच्या फळीवर पेन्सिलीनं बाबांचं अक्षर होतं:

'कोहारूची बाजू ठीक.'

तुमचं कुणी एकटं राहत असेल, आणि थंडीत डोकं दुखतं म्हणत असेल, तर फोनवरून गोळी सांगू नका. आज जा. त्यांच्या घराच्या मागे जाऊन बघा. माझ्यासाठी एवढं कराच.