छोटीची लाटांवरची फळी

जिन्याखाली, सायकलींच्या मागे जी लांबलचक निळी वस्तू उभी आहे, तीच मी. येणारेजाणारे मला कधी तुटलेलं दार समजतात, कधी कुणाच्या तरी होडीचा तुकडा. अहो, मी सर्फिंगची फळी आहे, लाटांवर उभं राहायची! उंची नऊ फूट, अंगाने भरलेली, स्वभावाने शांत. दोन मिनिटं टेका आणि माझी हकीकत ऐका.

माझा जन्म समुद्राजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कारागिराने एका हलक्या, फेसासारख्या ठोकळ्याला घासून घासून आकार दिला, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड चढवलं आणि वरून राळ ओतली. काम करताना तो माझ्याशी बोलायचा. "तू नवशिक्यांची फळी," म्हणायचा. "तुझ्यावरून माणसं धडाधड पडणार. मनाला लावून घ्यायचं नाही."

माझा पहिला मालक मात्र कधीच पडला नाही, कारण तो कधी चढलाच नाही. मला गाडीच्या टपावर बांधून तो गावभर फिरला, माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले, आणि हौस फिटल्यावर मला गॅरेजमध्ये शिडीच्या मागे उभं केलं. शेजारी रंगाचे वाळलेले डबे आणि एक चाक नसलेली बाबागाडी. वाऱ्याबरोबर समुद्राचा आवाज यायचा, तो ऐकत मी धूळ खात होते. एका कोळ्याने माझ्या शेपटापासून शिडीपर्यंत संसार थाटला. त्याचं माझं बरं जमलं होतं.

मग मालक गाव सोडून निघाला. घरातलं सगळं सामान विकायला दारात मांडलं गेलं, आणि तिथे आली छोटी.

छोटी म्हणजे वयाने सत्तेचाळीस. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या कारखान्यात ती कामाला. रस्त्यात कुणीही हसलं की हिचं लक्ष आधी दातांकडे. तिची आई लवकर गेली, तेव्हा चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईने तिला वाढवलं. लग्न दोघींनीही केलं नाही. ताई शाळेत कवायत शिकवायची. तिने छोटीला पोहायला शिकवलं, सायकल शिकवली, सुईत दोरा ओवायला शिकवला. शाळेतून निवृत्त झाली, पण शिकवणं काही सुटलं नाही. छोटी अजूनही भाजी चिरायला बसली की मागून आवाज यायचा, "सुरी अशी धर."

त्या दिवशी ताईनेच तिला इस्त्रीचं टेबल आणायला पाठवलं होतं.

"ते गेलं सकाळीच," मालक म्हणाला. "आता हीच उरलीय."

छोटीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या नखांत पांढरं प्लास्टर होतं. रोज बसमधून लाटांवर उभी राहणारी माणसं ती पाहायची, आणि आपला थांबा आला की मान वळवून उतरायची. "हिच्यावर उभं राहता येतं?" तिने विचारलं.

"लोक राहतात," मालक म्हणाला. त्याला तेवढंच माहीत होतं.

घरी ताईने दार उघडलं आणि चष्मा वर सरकवला. "यावर इस्त्री कशी करायची?"

"इस्त्री नाही करायची, ताई. लाटेवर उभं राहायचंय."

"कुणी?"

"मी."

ताईने आधी मला न्याहाळलं, मग तिला. "बरं. मग आधी गुडघे थोडे वाकवून..."

"नाही, ताई. हे माझं मी शिकणार."

छोटी मोठ्याने बोलली नाही, पण दारातल्या चपलासुद्धा गप्प झाल्यासारखं मला वाटलं. ताई आत गेली आणि नळ जरा जोरातच सोडला.

छोटीचं शिकणं बैठकीच्या खोलीत सुरू झालं. जमिनीवर पालथं पडायचं, हातांनी पाणी कापल्यासारखं करायचं आणि एका झटक्यात दोन पायांवर उभं राहायचं. प्रत्येक झटक्याला खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकायचे.

मग समुद्र. फळीवर पाय सरकू नये म्हणून मेण चोळावं लागतं, एवढं तिला कळलं होतं. मेण तर तिच्याकडे रोजचंच! कवळ्यांचं गुलाबी मेण तिने माझ्या पाठीवर खरडून खरडून लावलं. थंड पाण्यात गेल्यावर ते असं गुळगुळीत झालं, की ती एका बाजूने चढली आणि दुसऱ्या बाजूने उतरली. पायाला बांधायचा दोर तिने पहिल्या दिवशी मनगटाला बांधला. फार पुढे सरकून झोपली की माझं नाक पाण्यात घुसायचं आणि ती माझ्यावरून कोलांटी घ्यायची. फार मागे झोपली की लाट आम्हाला विचारत नसे, आपली निघून जायची.

पण प्रत्येक वेळी ती नाकातोंडातलं पाणी थुंकत वर यायची आणि हसायची. कारागिराने सांगितलं होतं म्हणून मी काही मनाला लावून घेतलं नाही. तीही घेत नव्हती.

एका सकाळी लाटा मोठ्या होत्या. मध्येच एक पट्टा शांत दिसत होता, तिथून आत जाणं सोपं पडेल असं छोटीला वाटलं. नवशिकी माणसं इथेच फसतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी अशाच पट्ट्यातून ओढ घेत परत आत जातं. बघता बघता किनाऱ्यावरची माणसं मुंगीएवढी झाली. छोटी जीव खाऊन हात मारत होती आणि आम्ही मागे मागेच जात होतो. शेवटी तिचे हात गळाले. माझ्यावर गाल टेकून ती पुटपुटली, "ताई गं."

मला हात नाहीत. तरंगणं तेवढं येतं, ते मी केलं.

दमलेली छोटी नुसती धरून पडून राहिली, तेच बरं झालं. पुढे गेल्यावर ओढ सैल पडली. मग ती हळूहळू आडवी वल्हवत बाहेर निघाली आणि लाटांनी आम्हाला दूर खडकांपाशी नेऊन आपटलं. माझं नाक फुटलं, तिचा गुडघा सोलवटला. वाळूत बसून ती किती तरी वेळ मला धरून होती.

"गुडघ्याला काय झालं?" ताईने दारातच विचारलं.

छोटीने सगळं सांगितलं. ताईचा आवाज चिरकला. "तुला काही झालं असतं तर मी कुणाकडे बघायचं होतं? एका माणसाला विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"जन्मभर विचारतच आलेय, ताई. चप्पल कुठली घालू इथपासून."

ताई खाली बसली. मग उठून औषध घेऊन आली आणि गुडघ्याला लावता लावता म्हणाली, "मी येत जाईन बरोबर. लांब बसेन. संकट आलं तर ओरडायला तरी कुणी हवं. बाकी तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

"जमेल तुला?"

"तुला उभं राहायला जमेल, तर मला गप्प राहायला जमेल."

छोटीने मला कारखान्यात नेलं, माझं फुटलेलं नाक कवळीच्या गुलाबी मसाल्याने भरलं आणि घासून चकचकीत केलं. मला नाकावर हिरडी फुटली म्हणा ना! आणि पुन्हा पाण्यात उतरण्याआधी तिने किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला गाठून ओढ कुठे असते ते नीट विचारून घेतलं.

आता ताई घडीच्या खुर्चीवर बसू लागली. काय सांगू तिची दशा! छोटी पडली की ताईचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. हात तर ती मांड्यांखाली दाबूनच बसायची. तरी तिने शब्द पाळला.

आणि मग ती लाट आली. काही मोठी नव्हती, फेसाळलेली, साधीच. छोटीचे हात माझ्या कडांवर टेकले, नेहमीची धडपड झाली आणि अचानक माझ्या पाठीवर फक्त दोन पाय उरले. पडण्याआधीची थरथर आली. आली आणि गेली. छोटी उभीच! आम्ही दोघी वाळूकडे धावत सुटलो. आयुष्यात पहिल्यांदा मला मी कशासाठी जन्मले ते कळलं. घोटाभर पाण्यात मी वाळूला टेकले आणि ती कडेला धपकन बसली.

मला काखेत मारून ती ताईकडे पळाली. ताई उभी होती, खुर्ची उलटी पडली होती.

"पाहिलंस?"

ताईने ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"अगं, मग बोल ना काहीतरी!"

"बोलू?"

"बोल गं बाई!"

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "मला जमेल?"

छोटीने ताईचा हात धरला आणि तिला गुडघाभर पाण्यात नेलं. ताई माझ्यावर पालथी झाली, तेव्हा तिचं काळीज माझ्या पाठीवर धडधडताना मला ऐकू येत होतं. "पोट मागे घे, ताई. मान वर. अशी नाही, अशी!"

"ओरडतेस कशाला," ताई म्हणाली, "कळतं मला."

तर अशी मी. रंग उडालाय, कडांना ओरखडे आहेत, पण गॅरेजमधल्यापेक्षा आता मी कितीतरी तरणी आहे. ताई अजून गुडघ्यांपर्यंतच उठते, तेवढ्यावरही किनाऱ्यावर टाळ्या वाजतात. तुमच्याकडे माझं एखादं भावंड शिडीमागे उभं असेल, तर त्याला बाहेर काढा हो. स्वतःला जमत नसेल तर ज्याला पडायची हौस आहे त्याला देऊन टाका.

बराय, निघते. दोघी खाली येताहेत. आज आधी पाण्यात कुणी जायचं, यावरून जिन्यातच जुंपलीय.