ताईचा तोल

आईला जे झालं ते आम्हा दोघी बहिणींपैकी कुणालाही होऊ शकतं. मेंदूचा आजार आहे, रक्तातून येतो. आधी चाल बिघडते, मग हात ऐकेनासे होतात. रक्ताची तपासणी केली की आत्ताच कळतं. ती करायची नाही, केलीच तर दोघींनी मिळून करायची, असं आमचं ठरलं होतं. हा शब्द ताईनेच माझ्याकडून घेतला होता.

म्हणून आम्ही फक्त चालायला जायचो. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आमच्यासारख्या घरांतल्या माणसांची चाल मोजतात. निकाल काही सांगत नाहीत. पायांना चकचकीत मणी चिकटवायचे आणि एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच टेकवत जमिनीवरच्या पट्टीवरून जायचं. वर शंभरातून सात-सात वजा करत राहायचं. मला वजाबाकी शाळेतही कधी धड जमली नाही. हल्ली मी पट्टीवरून ढळायचे. पण ताई माझ्याहून जास्त ढळायची, त्यामुळे मी निर्धास्त असायचे. वयं झाली आमची, दुसरं काय.

त्या दिवशीही ती अशी कोलमडली की संशोधक बाईंना धावत येऊन सावरावं लागलं. नंतर मी सँडल घालून बाहेर आले, तर ताई फाटकाशी फोनवर बोलत होती. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, एक पाय उचललेला, आणि दोन्ही हातांनी चपलेत अडकलेला खडा काढणं चाललेलं. खडा निघता निघत नव्हता. बाईसाहेब मात्र कशाचाही आधार न घेता खांबासारख्या उभ्या.

तिने फोन ठेवल्यावर मी सरळच विचारलं. आधी तिने उडवाउडवी केली, मग तिचे डोळे भरून आले.

“तपासणी केली मी. गेल्या वर्षीच. मला नाहीये ते.”

मला का नाही सांगितलंस, तर म्हणे धीर झाला नाही. मग पट्टीवर ही नाटकं कशाला करत होतीस?

“तू ढळायला लागलीस गं. तुला एकटं वाटू नये म्हणून.”

ती सुटली याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिने पुढे केलेला हात मी झटकून टाकला. शब्द मोडला, तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण ताईसुद्धा ढळते, म्हणजे ढळणं साधंच, या एवढ्याच भरवशावर मी वर्षभर शांत झोपत होते. आता कळलं, खरी ढळणारी मी एकटीच होते.