राजा एक घर पुढे

डाव्या हातानं त्यानं पांढरा उंट उचलला, काळ्या राजापाशी नेला आणि कडेचं प्यादं खाऊन तिथेच ठेवला. शह. समोर बसलेल्या त्याच्या बायकोनं, सिस्टरनं, तो उंट राजानं मारला. लगेच घोडा आला, पुन्हा शह. तिनं राजा मुकाट्यानं मागे घेतला. मग वजीर पटाच्या कडेला गेला आणि थोड्याच चालींत काळ्याचा खेळ आटोपला. नवऱ्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी आजारपणापासून हसत नव्हती.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. तो दूरच्या शहरातून चार दिवसांची सवड काढून आला होता आणि त्यातले तीन दिवस त्यानं हेच पाहिलं होतं.

"आई, चाल न् चाल तीच आहे," तो हळूच म्हणाला.

"डाव तोच आहे ना," ती म्हणाली आणि मोहरी गोळा करायला लागली.

तिला सगळे सिस्टरच म्हणत. हॉस्पिटलात तर म्हणतच, पण दूधवालाही म्हणे, आणि लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवराही चिडवायच्या निमित्तानं म्हणायला लागला तो कायमचा. तो कारखान्यात लेथवर होता. संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बुद्धिबळ खेळणारी जी मंडळी जमत, त्यांच्यात त्याचं नाव 'तोफ'. समोर कोण बसलंय, पटावर काय चाललंय, याची फिकीर न करता हा माणूस हल्ला करणार, अशी त्याची ख्याती होती. जिंकला तर आठवडाभर तेच पुराण, हरला तर समोरच्याचं नशीब. लग्नानंतर त्यानं बायकोला खेळ शिकवायचा एक प्रयत्न केला होता. घोडा अडीच घरं का चालतो, सरळ का जात नाही, असं तिनं विचारल्यावर त्यानं हात टेकले, आणि तिनंही सांगून टाकलं की वॉर्डात दिवसभर कमी मारामारी नसते, घरी आणखी नको.

मग एका सकाळी तोफ न्हाणीघरात कोसळली. जीव वाचला, पण वाचा गेली आणि उजवा हात गेला. तो कुणाकडे बघतोय, बोललेलं त्याला कळतंय की नाही, हे कुणालाच धड सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या जुन्या ओळखीचं काहीतरी समोर ठेवून बघा. तेव्हा वाचनालयातले ग्रंथपाल, म्हणजे तोफेचे रोजचे गिऱ्हाईक, एका जुन्या मासिकाची पानं घेऊन घरी आले.

"वहिनी, हा डाव. एका ग्रँडमास्टरचा. ह्यानं ह्या डावावरून आमचे कान किटवले होते. तुम्ही काळी मोहरी घ्या, मी शिकवतो."

सिस्टरनं काळ्याच्या चाली औषधांची नावं पाठ करावीत तशा पाठ केल्या. पहिल्या दिवशी पट मांडला तेव्हा नवरा बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा डावा हात उठला आणि राजापुढचं प्यादं दोन घरं सरकलं. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. तोंड धुऊन परत आली आणि आपली चाल खेळली.

खेळ तिला आला तो असा उलट्या दिशेनं, आधी डाव आणि मग नियम. चाली पाठ झाल्यावर ती खालचं विश्लेषण वाचायला लागली. लिहिणारा कुणी म्हातारा उस्ताद होता आणि फटकळ होता. उंटाचं बलिदान बघून टाळ्या वाजवू नका, असं त्यानं लिहिलं होतं, त्याआधीच्या गुपचूप चाली बघा. घोडा केव्हा येऊन उभा राहिला, वजिराची वाट केव्हा मोकळी झाली, हे बघा. रागानं केलेला हल्ला फसतो. सगळी मोहरी कामाला लागलेली असली की हल्ला करावा लागत नाही, तो आपोआप होतो.

हे वाचता वाचता तिला कारखान्यातलं भांडण आठवलं. मुलगा शाळेत असताना नवऱ्यानं फोरमनच्या तोंडावर हातातली पट्टी फेकली होती आणि नोकरी सोडून घरी आला होता. आता खायचं काय, म्हणून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसऱ्याच दिवशी तो नव्या कारखान्यात रुजू झाला. त्याचं नशीब थोर, असं ती इतकी वर्षं समजत होती. नवी जागा त्यानं आधीच बघून ठेवली होती, पट्टी फेकायच्या कितीतरी आधी, हे तिला आत्ता, त्या मासिकावर मान घालून बसलेली असताना कळलं. ज्या माणसाला ती आयुष्यभर उतावळा म्हणत आली, तो पूर्वतयारीचा पक्का होता. आणि हे त्याला सांगून हसायची सोय आता राहिली नव्हती. तिला त्याचा राग आला आणि त्याची भयंकर आठवणही आली, तो समोरच बसलेला असताना.

विश्लेषणाच्या शेवटी उस्तादानं एक टीप लिहिली होती. हा सगळा चमत्कार एका गोष्टीवर उभा आहे, घोड्याच्या शहाला काळा राजा घाबरून मागे पळाला. तो एक घर पुढे, उघड्यावर आला असता, तर हल्ला तिथेच संपला असता. पण अशा वेळी पुढे पाऊल टाकायची छाती कुणाची होते?

ती टीप तिनं पुन्हा पुन्हा वाचली होती.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. आईची रजा संपत आली होती. ती वॉर्डात परत गेली तर बाबांना बघणार कोण? त्याच्या घराजवळ अशा माणसांसाठी एक चांगली संस्था होती. तो स्वतः बघून आला होता, स्वच्छ होती. एक जागा रिकामी होती आणि आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मुलगा वाईट नव्हता. रात्री बापाची कूस तोच बदलत होता.

"तुला वाटतं ते खेळतात," जेवताना तो म्हणाला. "आई, ती सवय आहे गं. शर्टाच्या बटणाकडे हात जातो ना, तशी. बाबा आत नाहीयेत."

सिस्टरला राग आला नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं. तीस वर्षं वॉर्ड पाहिलेल्या बाईला हा संशय आधीच आला होता. नवरा आत असेल तर ती नोकरी सोडून त्याच्याजवळ बसणार होती. पण नसेल, तर कुणासाठी बसायचं? ग्रंथपालांना तिनं मागे एकदा विचारलं होतं, वेगळी चाल खेळून बघू का? ते गडबडून गेले होते. आहे ते बरं चाललंय, उगाच खोदून कशाला बघता, म्हणाले होते.

दुपारी तिनं पट मांडला. मुलगा बाजूला मोबाईल घेऊन बसला. चाली नेहमीच्या ठेक्यात पडत गेल्या. उंट आला, तिनं राजानं खाल्ला. घोडा आला, शह.

सिस्टरनं राजावर बोट ठेवलं. मग तिनं राजा मागे न नेता तिरका पुढे टाकला, एक घर, उघड्यावर.

नवऱ्याचा हात थांबला नाही. त्यानं वजीर उचलला आणि रोजच्यासारखा कडेला नेऊन ठेवला. फक्त आज त्या घराला लागूनच काळा राजा उभा होता. वजिराला कुणाचा आधार नव्हता. राजानं नुसता हात लांब करायचा अवकाश, वजीर फुकटात मिळत होता.

मुलानं मान वर केली. त्याला बुद्धिबळ जेमतेम येत होतं, पण एवढं त्यालाही दिसलं.

तिनं वजीर खाल्ला नाही. आपणच दुष्टपणा केला, असं तिला वाटलं. ज्या एका खोलीत हा माणूस सुखानं नांदत होता, तिचंही दार आपण ओढून घेतलं. राजा परत मागच्या घरात ठेवावा, म्हणजे सगळं पूर्ववत होईल, म्हणून तिनं हात पुढे केला.

नवऱ्यानं तिचं मनगट धरलं.

पकड सैल होती, पण धरलं होतं. तो पटाकडे बघत होता. वजिराकडे, मग काळ्या राजाकडे, मग जिथे राजा असायला हवा होता त्या रिकाम्या घराकडे. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतक्या दिवसांत त्या कपाळाला आठ्या पडल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. मग त्याचे डोळे भरून आले. मनगट सोडून त्यानं हात आपल्या बाजूला नेला. तिला वाटलं, तो वजीर परत घेईल. त्यानं वजिराला हात लावला नाही. पांढरा राजा दोन बोटांत धरला आणि आवाज होऊ न देता पटावर आडवा ठेवला. मग तोच डावा हात त्यानं पटावरून तिच्यासमोर धरला.

सिस्टरनं आपला डावा हात त्यात दिला. उजवा द्यायचा असतो, हे दोघांनाही माहीत होतं.

"काय झालं, आई?" मुलानं विचारलं.

"हरले तुझे बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता आणि ती हसतही होती. "हरलो हे त्यांना कळलं रे. संस्थेत फोन कर आणि नको म्हणून सांग."

मुलगा उठला. जाता जाता बापाच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

नवऱ्यानं मोहरी परत लावायला घेतली. एका हातानं वेळ लागत होता, तिनं मदत केली नाही. सगळी लावून झाल्यावर त्यानं पटाचा कोपरा धरून पट फिरवला. पांढरी मोहरी तिच्याकडे आली. ग्रँडमास्टरचा तो डाव त्या घरात पुन्हा कधी मांडला गेला नाही. पांढऱ्याकडून सुरुवात कशी करतात, हे सिस्टरला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि नवरा थकलेल्या चेहऱ्यानं तिच्या चालीची वाट बघत बसला होता.